शेंदराची वाटी

"पन्नास टनांचा रणगाडा, आणि तुम्ही तो किड्यांना खायला घालणार?" कर्नल हिंदुराव मोहिते हसले. वाळवंटातल्या त्या भूमिगत प्रयोगशाळेत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसत होतं.

"पोलाद कोण खातंय? रबर!" जीवशास्त्रज्ञ डॉ. वैजयंती खांबेटे म्हणाल्या. "रणगाड्याचा बुरूज फिरतो तो तेलाच्या दाबावर. ते तेल अडवतात रबरी कड्या. माझे रबरभक्षी जिवाणू त्या कड्या आठवडाभर गुपचूप कुरतडतात. मग तेल तापल्या इंजिनावर गळतं. संपलं!"

"विषाची परीक्षा नको हं, बाई. आपल्यावरच उलटले तर?"

"उन्हात तासाभरात मरतात. जगतात फक्त तेलात."

बाईंना घाई होती. त्यांचा धाकटा भाऊ, मेजर उदयन, कर्नलसाहेबांच्याच पलटणीत रणगाड्यावर होता आणि शत्रूचे रणगाडे तिप्पट होते. उदू जिवंत परत यावा, एवढ्यासाठीच त्या राबत होत्या.

एका ढगाळ पहाटे ड्रोननी फवारणी केली. आठवड्यानं शत्रूचे रणगाडे उभ्या जागी पेटले. इंजिन बंदच राहिलेला एक तेवढा शाबूत हाती लागला. बाईंनी तो दिवसभर उन्हात ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "झाला निर्धोक."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पलटण मराठी, तिथे साधा पानासुद्धा पूजेवाचून राहत नाही! पहिली पूजा जिंकलेल्या रणगाड्याची, आणि ती बाईंच्याच हातून.

"ताई, आता नाही म्हणू नकोस हं," उदयन म्हणाला.

त्यांनी वाटीत तेल घालून शेंदूर कालवला आणि बुरजाच्या ओशट सांध्यावर बोटं उमटवली. मग तीच वाटी, तीच बोटं घेऊन आपल्या एकूण एक रणगाड्याच्या सांध्यावर. उदयनच्या रणगाड्याला तर मायेनं दोनदा.

आठवड्यानं चढाई सुरू झाली. बाई कर्नलसाहेबांशेजारी बिनतारी यंत्रापाशी बसल्या होत्या.

"ताई," उदयनचा आवाज आला, "बुरूज जाम झालाय गं. आत तेल गळतंय. काय करू?"

बाईंनी नखांकडे पाहिलं. शेंदूर अजून गेला नव्हता.

"उदू, बाहेर पड! आधी बाहेर पड!"

"बाहेर? अगं, बाहेर गोळ्यांचा पाऊस चाललाय!"

"अहो, झालं काय?" कर्नल ओरडले.

"शेंदूर तेलातला होता," बाई कशाबशा म्हणाल्या. "मीच लावला हो, सगळ्यांना."

तेवढ्यात यंत्रावर दुसरा आवाज आला, मग तिसरा. सगळे तेच सांगत होते. उदयनचा मात्र पुन्हा आला नाही.