बारावी भाजी

"वाटीखाली काय आहे?"

मी दचकून वर पाहिलं. समोर कँटीनचा आचारी उभा होता. पांढरा एप्रन, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि नजर थेट माझ्या ताटावर. ताटात मी एक वाटी पालथी घालून ठेवली होती आणि तिच्याखाली त्या दिवशीची सगळी फरसबी... अगदी एकही तुकडा न विसरता.

"काही नाही," मी म्हटलं.

"मग उचला."

"तुम्ही सगळ्यांनाच वाट्या उचलायला लावता का?"

"नाही, फक्त तुम्हाला. तीन महिने शोधतोय तुम्हाला."

असं वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला म्हटलं होतं, आणि तेही फरसबीवरून. हसू दाबत मी वाटी उचलली. चोरी पकडली गेली होती. आता तोंड लपवून काय उपयोग.

मग कळलं की याला एक खोड आहे. जेवणं झाली की जिथे उष्टी ताटं येतात त्या खिडकीशी तो उभा राहतो आणि कोणी काय टाकलंय ते बघतो. त्यात रोज एक ताट असायचं, ज्याच्या काठावर पांढऱ्या प्लास्टरची बोटं उमटलेली आणि ज्यातली वाटी पालथी. आमची दातांच्या कवळ्या बनवायची लॅब त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. कितीही हात धुतले तरी नखांत प्लास्टर उरायचंच.

"म्हणजे लोकांना चावायला दात देता," तो म्हणाला, "आणि स्वतः..."

"माझ्या दातांना काही झालेलं नाही. भाजीच आवडत नाही."

"कुठली?"

"कुठलीच. बटाटा सोडून."

"बटाट्याला मी भाजी म्हणत नाही." मग त्याने माझ्याच ताटातला फरसबीचा एक तुकडा काट्याला लावून माझ्यासमोर धरला. "एकच घ्या. आणि खरं सांगा."

का कोण जाणे, मी घेतला. चावला. गिळला. "ओल्या सुतळीसारखी लागते," मी म्हटलं.

मला वाटलं, आता हा डोळे वटारणार. त्याने स्वतः एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि मान हलवली. "खरंय. जास्त उकडलीय." मग समोरची खुर्ची ओढून बसला. "इथे दोनशे माणसं जेवतात. विचारलं की सगळे छान म्हणतात आणि अर्धी भाजी टाकून जातात. सुतळी म्हणणारं आज पहिल्यांदा कुणीतरी भेटलं."

मी तेव्हा तिशीला आले होते आणि बटाटा, अंडी, भात आणि पाव यांच्यावर जगत होते. यात अभिमान वाटावा असं काही नव्हतं. लहानपणी सुट्टीत आम्हाला आत्याकडे धाडायचे. तिचा नियम होता, ताट संपल्याशिवाय उठायचं नाही. एकदा दुपारी एकपासून साडेपाचपर्यंत मी गार झालेल्या दुधीसमोर बसले होते. ताई बाहेर खेळत होती, तिचा आवाज आत येत होता. त्या दिवसापासून हिरवं काही दिसलं की माझा घसा आपोआप बंद व्हायचा. ताई म्हणायची, "तुला कुणाकडे जेवायला न्यायची सोय नाही." डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून चिठ्ठीवर 'हिरव्या भाज्या' असं लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

हे सगळं मी त्याला का सांगितलं, देव जाणे. त्याने मात्र ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चार वाजता येत जा. कँटीन रिकामं असतं. बारा भाज्या शिकवतो. बारा झाल्या की तुम्ही सुटलात आणि मीही सुटलो."

"आणि फी?"

"खरं बोलायचं. आवडलं नाही तर नाही म्हणायचं. माझं मन राखायला छान म्हणालात त्या दिवशी शिकवणी बंद."

चार वाजता आमच्याकडे साच्यांत प्लास्टर ओतून झालेलं असायचं. ते घट्ट व्हायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी त्याला देऊन टाकला.

त्याने कोठीच्या दारामागे खडूने बारा नावं लिहिली. पहिलं गाजर, शेवटचं वांगं. गाजर त्याने भट्टीत भाजलं, कडा काळपट होईपर्यंत. चमच्यावर फुंकर घालून माझ्यापुढे केलं... आणि मग स्वतःच अवघडून चमचा माझ्या हातात दिला. गाजर गोड होतं. मी तसं म्हटलं. त्याने दारामागे जाऊन एवढी मोठी खूण केली की मला वाटलं, आता हा पेढे वाटतो की काय.

भोपळ्याला आठवडा लागला. कोबीला तीन दिवस. बीट मला मातीसारखं लागलं, तेही मी तोंडावर सांगितलं आणि त्याने लिंबू पिळून, पातळ काप करून ते पुन्हा पुढे ठेवलं. मी नाक मुरडलं की तो खूश व्हायचा. "आता बोल, घोडं कुठे पेंड खातंय? वास? गिळगिळीतपणा?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मी त्याला मास्तर म्हणू लागले, तो मला बटाटा.

पालकाच्या दिवशी मी मोठ्या ऐटीत हसून "आवडला" म्हटलं आणि तो गालातल्या गालात हसायला लागला.

"काय झालं?"

"दाताला पालक लागलाय."

"कुठे?"

"इथे," त्याने स्वतःच्या दातावर बोट ठेवून दाखवलं.

मी आरशाऐवजी त्याच्या तोंडाकडेच बघत राहिले. त्याचा डावा सुळा जरासा वाकडा होता. दिवसभर मी सरळ, एकसारखे, शहाणे दात ओळीत बसवायची... आणि मला वाटलं, मेला हा एकच वाकडा दात का इतका गोड दिसावा?

"निघाला का?" मी घाईघाईने विचारलं.

"थांब." त्याचा हात पुढे आला, माझ्या गालापाशी थबकला. गालावर प्लास्टरचा डाग होता, तो त्याने अंगठ्याने पुसला. पालक तसाच राहिला. त्या दिवशी वर जाऊन मी खालच्या जबड्यात वरचे दात बसवले आणि सरांची बोलणी खाल्ली.

मी प्रेमात पडले होते. सरळ सांगते, कारण तेव्हा कुणालाच सरळ सांगितलं नाही.

मग वांगं आलं.

त्याने ते अख्खं जाळावर भाजलं, साल काढून लोण्यासारखा गर काढला, वर लसूण परतून घातला. मी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. इतकं चविष्ट काही मी त्याआधी खाल्लं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं... आणि समोर दार दिसलं. अकरा खुणा आणि एक रिकामी जागा. तो हात पुसत म्हणाला, "ही झाली की सुटलीस बघ. दार पुसून टाकू."

उद्या चार वाजता मी कुठे जाणार होते?

"नाही," मी म्हटलं. "घशाखाली उतरत नाही."

एवढंच. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी त्याने वांग्याचे काप केले. तिसऱ्या दिवशी टोमॅटोत शिजवलं. मी कधी वास येतो म्हटलं, कधी बिया लागतात म्हटलं. आठवडे गेले. आधी तो हसायचा, बाह्या सरसावायचा, "थांब, उद्या बघतो तुला" म्हणायचा. नंतर हसणं कमी झालं. तो चमच्याकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघू लागला, आणि मी चेहरा वाकडा केला की मान खाली घालून ताट उचलायचा. मला वाटायचं, लाडाचा रुसवा आहे हा. घरी मात्र मी आठवड्यातून तीनदा वांगं करत होते. ताईने एकदा पकडलं.

"अगं, हे तर तू खात नाहीस ना? त्या तुझ्या मास्तरला सांगितलंस?"

"सांगते."

"कधी?"

"सांगते गं."

दहा आठवडे झाले. त्या दिवशी चारला गेले तर भट्टी बंद होती. टेबलावर वांग्याचं ताट झाकून ठेवलेलं, आणि तो बाजूला नुसता बसलेला.

"आजचं शेवटचं," तो म्हणाला. "उद्यापासून नको येऊस. तुझाही वेळ जातो."

"का? काय झालं?"

त्याने टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसला. "एक बाई नवीन हॉटेल काढतायत. सगळं भाज्यांचंच. इथे येऊन जेवून गेल्या दोनदा. स्वयंपाकघर तुम्ही सांभाळा म्हणाल्या. मला हवं तसं, माझ्या पद्धतीने. दोन महिने मागे लागल्या होत्या. काल मी नाही कळवलं."

"नाही? अरे, पण का?"

"एका माणसाच्या गळी एक वांगं उतरवता येत नाही मला. आणि भाज्यांचं हॉटेल चालवणार?" तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "त्या छान म्हणाल्या गं. छान तर सगळेच म्हणतात. खरं बोलणारी तू एकटी. मी ठरवलं होतं, बटाटा ज्या दिवशी हो म्हणेल त्या दिवशी होकार कळवायचा. तो दिवस आलाच नाही. बरं आहे आपलं इथेच. दोनशे ताटं, कुणाला चवीचं काही पडलेलं नाही."

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो हाच, की तो राहतोय. इथेच, दोन मजले खाली. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. शिकवणी बंद झाली तरी चार वाजता चहा प्यायला कोण अडवणार होतं मला?

पण तो बसला होता तो असा, की आत्याकडे दुधीसमोर बसलेली मी मला आठवले. कितीही बसलं तरी ताट संपणार नाही, हे कळून चुकलेलं पोर. आणि या वेळी आत्या मी होते.

मी झाकण काढलं. वांगं गार झालं होतं. मी चमचा घेतला आणि खायला लागले. पहिला घास, दुसरा, पाचवा. तो बघत राहिला. काठाला चिकटलेलंही मी बोटाने निपटून खाल्लं आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"मला पहिल्याच दिवशी आवडलं होतं," मी म्हटलं. "भाजलेलं, लसूण घातलेलं. मी खोटं बोलले. दहा आठवडे खोटं बोलले."

त्याला कळायला वेळ लागला. "का?"

"बारावी झाली असती तर शिकवणी संपली असती. मला... मला तू हवा होतास. चार वाजता. रोज."

कुठेतरी नळ ठिबकत होता. तो उठला, नळ घट्ट बंद केला आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलला.

"मी घरी जाऊन रोज वांगी करायचो. माहितीये? आई म्हणायची, चांगलं झालंय रे. मी तिच्यावर चिडायचो. म्हणायचो, तुला काय कळतंय."

"माफ कर मला."

"हाताला चवच राहिली नाही असं वाटायला लागलं होतं मला." आता तो वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "एकच तर मागितलं होतं तुझ्याकडे. फी म्हणून."

मी मान खाली घातली.

"आणि गंमत बघ," तो म्हणाला, "बारावी झाली की मीही तुला एक विचारणार होतो. शिकवणी संपल्यावर. शिकवताना विचारणं बरं दिसलं नसतं."

"मग आता विचार," मी म्हटलं.

"आता?" त्याने माझ्याकडे पाहिलं... नीट, बराच वेळ, जणू माझ्या चेहऱ्यावर काही लिहिलंय आणि त्याला ते वाचता येत नाहीये. "आता तू हो म्हणालीस, तरी ते खरं कसं धरू मी?"

"हो," मी म्हटलं. त्याने विचारलंच नव्हतं, तरी म्हटलं. "हो. हो."

त्याने ऐकलं. ऐकलं नाही असं नाही. पण त्याने रिकामं ताट उचलून धुण्याच्या भांड्यांत ठेवलं, हात पुसले आणि खिशातून फोन काढला. माझ्यासमोरच नंबर लावला.

"नमस्कार, मी बोलतोय. कँटीनमधून. हो, काल नाही म्हणालो होतो खरा..." तो थांबला, घसा साफ केला. "ती जागा अजून आहे का?"

मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते. मनातल्या मनात विनवत होते की बाई नाही म्हणू देत, दुसरा कोणी मिळाला असू दे. इतकं सगळं झालं, तरी मी तेच मागत होते.

पलीकडून बाई काहीतरी बोलल्या. आणि कित्येक आठवड्यांनी त्याचा चेहरा उजळलेला मी पाहिला.