हं, पुढे

संदेशकेंद्राच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतभर प्रतिमापट होता. त्या पटावर कुमुद वझलवार यांचा पहिलीचा वर्ग दिसे. मुलं ‘दूरगामी’ यानात, शनीच्या वाटेवर. बाई सह्याद्रीतल्या एका पठारावर. खोलीत खडू नव्हता, तरी बाई सवयीनं पदराला हात पुसत.

यानाशी जोडणाऱ्या दुव्याचे प्रमुख अभियंता रणपिसे यांनी पहिल्याच दिवशी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं.

“प्रकाशाचा वेग ठरलेला आहे, बाई. तो कुणासाठी वाढत नाही. यान रोज लांब जातंय. तुमचा शब्द तिकडे जाऊन मुलांचं उत्तर इकडे यायला दर आठवड्याला साधारण एक मिनिट जास्त लागणार. याला आम्ही संदेशविलंब म्हणतो.”

“म्हणजे मी काही विचारलं तर?”

“आज चटकन उत्तर येईल. काही महिन्यांनी मधे तुमचा चहा होईल. वर्षभरानं जेवण.”

“मग मी शिकवायचं कसं?”

“तुमच्याशिवाय शिकता यावं, असं शिकवायचं. किरणदुव्याला यानावरची फार वीज लागते. वर्ग आपला आपण वाचायला-लिहायला लागला, की वर्गाचा दुवा बंद. ते कधी, हे तुम्ही सांगायचं. आम्हाला त्यातलं काय कळतं?”

बाईंनी मान हलवली. आयुष्यभर त्यांनी हेच तर केलं होतं. फक्त दर वर्षी जूनमध्ये नवी मुलं येत. या वेळी ती येणार नव्हती.

कामाला त्यांनी घाई केली नाही. सुरुवात ‘आपलं आपण वाचन’ पासून. आपल्या जागी बसायचं, एकच पुस्तक घ्यायचं, ओठांतल्या ओठांत वाचायचं. पहिल्या दिवशी तीन मिनिटं. कुणी उठलं की सगळ्यांचं वाचन थांबवायचं, रागवायचं नाही, पुन्हा बसायचं. शब्द अडला तर आधी चित्र बघायचं, मग अक्षरं सुटी करायची, मग शेजाऱ्याला विचारायचं, आणि अगदी शेवटी बाईंना.

मग ‘सोबतीनं वाचन’. दोघांनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. त्याचा एक नियम बाईंनी तीनदा सांगितला. “कुणी एकटं दिसलं तर त्याच्याजवळ जाऊन बसायचं. ‘येऊ का?’ असं विचारायचं नाही. पुस्तक उघडायचं आणि एखादा शब्द त्याला विचारायचा. आपल्याला येत असला तरी विचारायचा. म्हणजे त्याला वाटतं, आपली कुणाला तरी गरज आहे.”

“हे खोटं नाही का, बाई?” ओजस नावाच्या मुलानं विचारलं होतं. तेव्हा विलंब फार नव्हता.

“नाही रे. ही सोबत.”

अडचण झाली ती बाईंचीच. मूल वाचताना थबकलं, की त्यांच्या तोंडून आपोआप निघे, “हं, पुढे.” चाळीस वर्षांची सवय. विलंब वाढला तसे ते शब्द भलत्याच वेळी जाऊन पडू लागले. एकदा झैद उभा राहून म्हणत होता, “मला शू लागलीये,” आणि वरून बाईंचा आवाज आला, “हं, पुढे.” वर्ग इतका हसला, की त्या दिवशीचं वाचन तिथेच संपलं. ते हसू बाईंना दिसलं, तेव्हा त्यांच्या कपातला चहा गार झाला होता.

तेव्हापासून त्या गप्प राहायला शिकल्या. आणि मुलं वाचायला शिकली. दहा मिनिटं, मग वीस. आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी माना खाली घालून बसत. पाळीवर असलेला पालक कोपऱ्यात झोपला तरी कुणाला कळत नसे. बाई तासन् तास चौदा भांग बघत बसत.

फक्त एक मूल अडकायचं. आधी ओजस. तो सुटला तर झैद. झैद सुटला आणि आता चार्वी. रोज ती पुस्तक घेऊन यानातल्या कॅमेऱ्याच्या भिंगासमोर येई, एका जोडाक्षरावर बोट ठेवी आणि वर बघे. बाई शब्द फोडून सांगत. मग उत्तर पोहोचेपर्यंत पोर पाय हलवत बसून राही. बाईंचा जीव तुटे. आणि, हे त्या स्वतःशीही नीट कबूल करत नसत, त्यांना बरं वाटे.

“चार्वी अजून अडकते,” दर शनिवारी त्या रणपिशांना सांगत. “इतक्यात दुवा बंद करू नका.”

“यानाचा कप्तान विचारतोय, बाई.”

“विचारू दे. एक मूल मागे ठेवून मी वर्ग सोडलेला नाही कधी.”

दिवाळीची दोन आठवड्यांची सुट्टी झाली आणि वर्ग पुन्हा भरला. चार्वी आली. “आमच्या दारात...” तिचं बोट थांबलं. तिनं वर बघितलं.

“प्रा-जक्त,” बाई म्हणाल्या. “प्राजक्त. हं, पुढे.”

प्रतिमापटाच्या कडेला विलंबघड्याळ होतं. बाई बोलल्या, की ते बावीस मिनिटांवरून उलटं मोजू लागे. शून्य झालं, की त्यांच्या बोलण्याचा परिणाम दिसे. बाईंनी चहा केला, प्याल्या, कप धुतला.

“हां! प्राजक्त!” पटावरून चार्वी म्हणाली. “थँक्यू, बाई. आमच्या दारात प्राजक्त आहे.”

बाईंचं लक्ष घड्याळाकडे गेलं. दोन मिनिटं शिल्लक होती.

त्यांनी शेजारच्या खोलीतल्या रणपिशांना हाक मारली. “तुमचं घड्याळ पुढे-मागे झालंय का?”

रणपिशांनी दोन जागी तपासलं. “नाही हो. बरोबर आहे.”

“मग तिला माझं ऐकू कसं आलं?”

“आलेलं नाही, बाई. तुमचा शब्द अजून तिच्यापर्यंत पोहोचायचाय. निदान आपल्याला दिसतोय त्या क्षणी तरी.” त्यांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. “सुट्टीच्या आधी विलंब वीस मिनिटांचा होता.”

दोघंही पटाकडे बघत राहिले. चार्वी जागेवर जाऊन बसली. तिनं दुसरं, जाड पुस्तक उघडलं आणि भराभर पानं उलटू लागली. घड्याळ शून्यावर आलं. शांत वर्गात वरून आवाज पडला, “प्रा-जक्त. प्राजक्त. हं, पुढे.”

चौदा माना वर झाल्या. चार्वीनं तोंडावर हात ठेवला.

“तुला सांगितलं होतं ना, आकडा बदल, विसाऐवजी बावीस मिनिटं थांब म्हणून!” ओजस कुजबुजला. “सुट्टीत आपण लांब आलोय!”

“विसरले.”

“आता बाईंना कळणार,” झैद म्हणाला. “पुढच्या आठवड्यात अडकायची माझी पाळी होती परत.”

“मग आता त्यांना शब्द कोण विचारणार? त्या एकट्या असतात तिकडे,” चार्वी म्हणाली, आणि रडायला लागली.

रणपिसे काहीतरी बोलणार होते. बाईंनी हातानं थांबवलं. बराच वेळ त्या पदराला हात पुसत राहिल्या, हात कोरडे असूनही.

“कप्तानाला कळवा,” त्या शेवटी म्हणाल्या. “वर्ग तयार आहे. कधीचाच. आज दुवा बंद करा.”

“काही निरोप द्यायचा असेल ना? मोठा दिलात तरी चालेल.”

बाईंनी टेबलावरचं आपल्याकडचं तेच पुस्तक उघडलं. भिंगासमोर धरलं आणि पहिलीतल्या मुलासारखं शब्दाखाली बोट ठेवून वाचू लागल्या. “आमच्या... दारात...”

बोट थांबलं. त्यांनी वर बघितलं आणि तशाच बसून राहिल्या.

विलंबघड्याळ उलटं मोजत होतं. रणपिशांनी चहा आणून ठेवला. त्यांनी तो घेतला नाही.

घड्याळ शून्यावर आलं. पटावर मुलांनी एकमेकांकडे बघितलं.

“बाईंना येत नाही?” मागून कुणीतरी विचारलं.

“येतंय रे,” ओजस म्हणाला. “त्या आपल्याजवळ येऊन बसल्यात.”

चार्वीनं नाक पुसलं. ती उठून भिंगाच्या अगदी जवळ आली.

“प्रा-जक्त,” ती म्हणाली. “प्राजक्त, बाई. हं, पुढे.”

मग ती जागेवर गेली. एक एक मान खाली गेली. कुणीही पुन्हा वर बघितलं नाही.

बाईंनी रणपिशांना खूण केली. भिंत काळी झाली. खोलीत आता एक टेबल आणि एक खुर्ची होती. बाईंनी बोट पुढच्या शब्दावर ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत वाचायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तीनच मिनिटं.