झाकणभर पाणी

सुभेदार त्या दिवशी घरातून निघाले ते एवढ्याशा कामाला. पाथरवटाकडे जायचं, मित्राच्या स्मारकाच्या दगडावर कोरलेली ओळ वाचायची, 'बरोबर आहे' म्हणायचं आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं.

वाटेत न्हाव्याकडे दाढीला बसले. तिथे त्यांचा रोजचा दरबार. पेपर उघडला की मंत्र्यांची खरडपट्टी सुरू.

"लढाई करू म्हणतात! अरे, आधी एक दुपार उन्हात बसा बिनपाण्याचं. निम्म्या लढाया तिथेच मिटतील."

"तुम्ही बसलात म्हणून बोलता," न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. "स्वतःची तहान मारून मित्राला शेवटचा घोट पाजलात. एवढं काळीज कुणाला असतं, सुभेदार?"

सुभेदार हसले. आरशात मात्र त्यांनी बघितलं नाही. पन्नास वर्षं झाली, या वाक्याला ते आरशात बघत नसत.

खरं काय ते सांगते. लढाईत सुभेदार आणि त्यांचा जोडीदार लंबू, दोघंच तीन दिवस एका खड्ड्यात अडकले होते. वर ऊन, समोर गोळीबार, आणि दोघांत एक बाटली. मग फौजेतली रीत, पाळीने प्यायचं. बाटलीचं झाकण भरायचं, एक तू, एक मी. दर वेळी विचारायचं, "आता पाळी कोणाची?" भांडण नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी लंबूच्या मांडीत गोळी शिरली. बाटलीत एकच झाकण उरलं होतं आणि पाळी लंबूची होती. सुभेदारांनी झाकण भरलं, त्याच्या तोंडापाशी नेलं... आणि स्वतःच पिऊन टाकलं. वर म्हणाले, "संपलं रे."

लंबूचे डोळे उघडे होते. त्याने सगळं बघितलं, पण चकार शब्द काढला नाही. शिवी हासडली असती तरी बरं झालं असतं.

लंबू त्या खड्ड्यातच गेला. घरी परतल्यावर त्याच्या बहिणीने विचारलं, "दादा, माझा भाऊ तहानलेला तर नाही ना गेला?" सुभेदारांच्या तोंडून निघून गेलं, "नाही ताई. माझ्या हातचं पाणी पिऊन गेला." एकदा बोललं ते बोललं. गावभर झालं, आणि आता दगडावर चढत होतं.

पाथरवटाच्या शेडमध्ये बहीण आधीच येऊन बसली होती, काठीवर हनुवटी टेकून. दगड भिंतीला टेकवलेला. पाथरवट घाम पुसत उभा.

"सुभेदार, हा दगड काही निराळाच आहे बघा. धूळ धुवायला पाणी ओततोय सकाळपासून. ही सहावी बादली..." त्याने बादली वरून ओतली.

पाणी अक्षरांत उतरलं आणि गेलं. खाली एक थेंब ठिबकला नाही. दगड होता तसा, कोरडा ठणठणीत. आणि आतून आवाज आला, बारीक, घाईघाईने घोट गिळल्यासारखा. शेडमध्ये तापलेल्या पत्र्याचा आणि जळक्या मातीचा वास पसरला. तो वास सुभेदारांच्या ओळखीचा होता.

"वाचा ना दादा," बहीण म्हणाली. "मोठ्याने वाचा. मला आता दिसत नाही."

सुभेदार वाचू लागले. "मित्राच्या हातचं..." जीभ टाळ्याला चिकटली. पुढचा शब्द निघेना. कानाशी, अगदी जवळ, झाकण फिरवल्याची करकर झाली.

"दादा?"

"ताई... ती ओळ खोटी आहे."

मग मान खाली घालून, चपलांकडे बघत, त्यांनी सगळं सांगितलं. पाळी कोणाची होती तेही. पाथरवटाचा हात बादलीच्या कडीवर तसाच राहिला.

बहीण रडली नाही. काठीवरची हनुवटी तिने उचलली. मग हळू आवाजात म्हणाली, "दर उन्हाळ्यात, भर दुपारी, माझ्या दाराशी कुणीतरी पाणी मागतं. आवाज त्याचाच. पन्नास वर्षं मी स्वतःला समजावते, भास आहे, तो तर पिऊन गेलाय, दादांनी सांगितलंय... म्हणून मी दार उघडलं नाही हो. एकदाही नाही."

सुभेदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगेल तर बरं, पण ती काय सांगून दुभंगते?

बहीण काठी टेकत उठली. "ओळ घासून काढा," पाथरवटाला म्हणाली. "आणि पाणी द्या इकडे." ओंजळीने तिने दगडाला पाणी लावलं, आंधळ्या बोटांनी, अक्षर चाचपत. एक ओंजळ, दोन, दहा. हळूहळू दगड ओला राहू लागला. शेवटी पाणी खाली ठिबकलं, तेव्हा आतला आवाज थांबला.

जाताना ती सुभेदारांकडे वळली नाही. फक्त म्हणाली, "माझ्याकडे येऊ नका आता."

सुभेदार घरी आले. ती जुनी बाटली खिळ्याला होती तशीच टांगलेली, पन्नास वर्षांची गंजलेली, झाकण असं घट्ट की पकडीनेही निघायचं नाही. पण आज तिच्या तोंडावर झाकण नव्हतं.

झाकण जेवायच्या पाटावर होतं. उताणं, काठोकाठ भरलेलं. वारा नव्हता, तरी पाणी थरथरत होतं. सुभेदारांनी बाटली हलवून बघितली. आत खडखडीत कोरडं.

त्यांनी ते पाणी मोरीत ओतलं. दुसऱ्या दुपारी झाकण पुन्हा भरलेलं. तिसऱ्याही.

तेव्हापासून माठातलं कितीही प्यालं तरी त्यांच्या घशाची कोरड जात नाही. न्हाव्याकडे जाणंही सुटलं. भर दुपारी पाटापुढे बसून ते त्या झाकणाकडे बघत राहतात. हिशोब साधा आहे. लंबूचं बहिणीच्या हातून पिऊन झालंय.

आता पाळी त्यांची आहे.