खंड्या छाप

“वकीलबाई, बाजारातून माझ्याच कात्र्या उचलून नेताहेत! म्हणे, खंड्या माझा नाही!”

फोन खंड्यामावशींचा होता. पंचवीस वर्षं त्यांच्या कात्रीच्या पात्यावर खंड्या पक्ष्याचा ठसा होता. शिंपी दुकानात शिरले की ‘खंड्या द्या’ एवढंच म्हणत. आता तोच ठसा एका नव्या कंपनीने स्वतःच्या नावावर नोंदवला होता. वर कोर्टाचा हुकूम आणून मावशींचाच माल नकली ठरवला होता.

वकीलबाई तासाभरात कारखान्यात पोचल्या. धार लावायची चाकं बंद होती.

“नोंदणी का नाही केलीत?”

“ह्याला सांगितलं होतं. झाली म्हणाला.”

बाहेरचं सगळं काम मावशींचा धाकटा भाऊ बघे. तो कोपऱ्यात उभा होता. “एजंटने गंडवलं, ताई,” तो पुटपुटला.

“मावशी, पहिली खंड्या कधी विकलीत?”

“कात्रीची पाकिटं छापली त्याच्या दोन वर्षं आधी. ह्याचा हात मोडला होता. दवाखान्यात नर्सने माझ्या पिशवीतली कात्री पाहिली नि तिथल्या तिथे विकत घेतली. तारीख कोण लक्षात ठेवतं?”

वकीलबाईंनी तोच प्रश्न छापखानेवाल्याला विचारला.

“पाकिटं आम्हीच छापली की. माल तेव्हापासूनचा.”

घाऊक व्यापाऱ्यालाही विचारला.

“पाकिटाआधी खंड्या होती? मला नाही माहीत.”

शेवटी भावाला.

“इतकं जुनं कुठलं आठवायला!”

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी कंपनीच्या अर्जाची प्रत मिळवली. ती वाचून त्यांनी मावशींना एवढंच विचारलं, “भावाच्या हाताचा एक्स-रे आहे अजून?”

“कपाटावर असेल. त्याचं काही मी टाकत नाही.”

संध्याकाळी त्यांनी दोघांना समोर बसवलं.

“ठसा कधीपासून वापरात आहे, ते अर्जात लिहावं लागतं. चोर बाहेरचा असता तर त्याने पाकिटांचं साल लिहिलं असतं. इथे दोन वर्षं आधीची तारीख आहे. नऊ ऑगस्ट.” त्यांनी एक्स-रेचं पाकीट टेबलावर ठेवलं. “ह्यावरही नऊ ऑगस्ट. मावशींना न आठवणारी तारीख तुमच्या दवाखान्याच्या कागदांत होती. त्या दिवशी तिथे नर्स सोडली तर तुम्ही दोघंच होतात. ही कंपनी तुमचीच आहे.”

भाऊ एकदम उसळला. “वीस वर्षं पेट्या मी वाहिल्या! मला कुणी खंड्या म्हटलं? तुझ्यानंतर सगळं तुझ्या जावयालाच जाणार होतं ना?”

“मागायचं होतंस रे,” मावशी म्हणाल्या. “अर्धा कारखाना हसत दिला असता.”

तो मान खाली घालून निघून गेला.

“आपण जिंकू,” वकीलबाई म्हणाल्या. “त्या तारखेला त्याच्या कंपनीचा जन्मही झाला नव्हता. आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा. पण नोंदणीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असतात, तर आज कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.”

“कागद काय बघायचा? भावाचा शब्द होता.”

वकीलबाईंनी कोरा अर्ज पुढे ओढला. “विरुद्ध पक्ष म्हणून नुसती कंपनी घालू, की त्यालाही?”

मावशींनी पेन उचललं.

“त्यालाही घाला,” त्या म्हणाल्या. “कंपनीशी माझं काय भांडण?”