गाडीचा सोमवार

पर्यायी इंधन तुलना केंद्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक आलेख झळकत होता, आणि गेले आठ महिने तो डॉ. सुमित्रा केंजळे यांची उघडउघड थट्टा करत होता.

आलेख त्यांच्या बसचा होता. वाळणे शहरातल्या घराघरांतलं खरकटं बसच्या पोटातल्या किण्वनटाकीत घालायचं, टाकीतल्या जिवाणूंनी ते खाऊन मद्यार्क करायचा आणि त्या मद्यार्कावर बसनं पळायचं, असा साधा संसार. दोनशे किलो खरकट्यात एकशेवीस किलोमीटर. पण सोमवार उजाडला की तीच बस दोनशेचाळीस जायची. गुरुवारीही. आणि मधूनच एखाद्या मंगळवारीसुद्धा.

"रस्ता तोच, वजन तेवढंच, हवासुद्धा तीच!" सुमित्राबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"सोमवारी महादेव मागून ढकलत असेल," शेजारच्या टेबलावरून कौस्तुभ राजाध्यक्ष म्हणाला. तो विजेरी-बसवाला. त्याची बस एकदा भारली की इमानेइतबारे एकशेऐंशी किलोमीटर जायची, आणि त्याचा आलेख इतका सपाट होता की त्यावर कपडे वाळत घालावेत. "भारायला चार तास लागतात एवढंच. पण माझ्या बसचे नवससायास नाहीत."

सुमित्राबाईंना हसायला सवड नव्हती. महिन्याभरात चाचणी होती. अट एकच: एका भरणीत किमान दीडशे किलोमीटर. त्याच्या खाली गेलेलं इंधन बाद, आणि बाद झालेली टाकी उकळून रिकामी करायची. नऊ वर्षं पोसलेले जिवाणू. रोज सकाळी आल्या आल्या बाई त्यांचं तापमान बघायच्या. स्वतःचा रक्तदाब वर्षातून एकदाही नाही. बसची सरासरी एकशेसाठ भरत होती. पण का भरत होती, ते कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागेना.

शेवटी एका सोमवारी त्या न सांगता डेपोत गेल्या. बसचे चालक निवृत्ती खिलारे टाकीचं झाकण उघडून, बाह्या वर सारून, हातभर लांबीच्या झाऱ्यानं आत काहीतरी ढवळत होते. जिऱ्याचा खमंग वास सुटला होता.

"मामा, हे काय घालताय?"

"साबुदाणा. गोदामात झाडून काढलेला चुरा असतो. फराळाच्या हॉटेलांतली उरलेली खिचडी, दाण्याचं कूट. मोजून दोनशे किलो आहे हां मॅडम, मापात पाप नाही."

"पण का?"

खिलाऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, एवढ्या शिकलेल्या बाईला वारसुद्धा कळू नये! "आज सोमवार ना. मी उपास धरतो. माझ्याजवळ दिवसभर राहणारी गाडी, तिला कांदा-लसणाचं खरकटं चारू? तिलाही धरायला लावलाय. सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. प्रदोष तेवढा नाही धरला. म्हटलं, लहान आहे, झेपायचं नाही."

सुमित्राबाई तशाच प्रयोगशाळेत परतल्या आणि खुर्चीत बसून हसत सुटल्या. राजाध्यक्षाला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "पण जिवाणूंना साबुदाणा पचतो कसा? तुम्ही तर त्यांना खरकट्यावर वाढवलंत."

"अरे, एका जिवाणूचे दोन व्हायला वीस मिनिटं लागतात. टाकीत नाना तऱ्हेचे आहेत. समोर जे येईल ते ज्याला पचतं, त्याची पिलावळ वाढते. बाकीचे कोपऱ्यात तग धरून बसतात, आपली पाळी येईपर्यंत."

"म्हणजे दर वीस मिनिटांनी निवडणूक!"

"आणि अनामत कुणाचीच जप्त होत नाही. उपासाच्या दिवशी तीन तासांत नऊ पिढ्या होतात. सकाळी एक साबुदाणेवाला असेल तर दुपारी पाचशेबारा. शिवाय खरकट्यात निम्मं पाणी असतं. साबुदाणा म्हणजे कोरडं पिष्ट, वर दाण्याचं तेल."

"एकादशी, दुप्पट खाशी," राजाध्यक्ष म्हणाला.

"आणि दुप्पट पळशी," बाई म्हणाल्या आणि एकदम गंभीर झाल्या. "पण हे बंद करावं लागेल. आपण तुलना घरच्या खरकट्याची सांगितली आहे. आणि उद्या शंभर बसना साबुदाणा लागला, तर माणसांनी उपासाला काय खायचं?"

"बाई, मग तुम्ही दीडशेला पोचणार नाही."

"ठाऊक आहे."

खिलाऱ्यांना हुकूम गेला: घंटागाडीत येईल तेच घालायचं, वार कुठलाही असो. खिलारे एवढंच म्हणाले, "तिचा उपास तुम्ही मोडलात मॅडम. मी त्यातला नाही." दुसऱ्या दिवसापासून बस शिस्तीत एकशेवीसवर आली आणि तिथेच राहिली.

चाचणीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष दिगंबर कुलथे सील-शिक्क्यांचे मोठे भोक्ते. "खरकटं चाचणीच्याच पहाटे घंटागाडीतून येईल. पिंपांना माझं सील लागेल. कुणी दाणासुद्धा बदलता कामा नये. तारीख... गुरुवारी नको, माझा कडक उपास आहे. घाटात चक्कर यायची. शुक्रवारी करू."

सुमित्राबाईंनी सही ठोकली. जन्मात कधी उपास न धरलेल्या बाई. गुरुवारी काय आहे हे त्यांनी विचारलंही नाही.

शुक्रवारी सकाळी कुलथ्यांनी स्वतःच्या हातानं सील तोडलं. झाकण उघडलं आणि डेपोभर वास पसरला. जिरं. तूप. भाजलेले दाणे. पिंपात खिचडीचे गोळे, केळ्याच्या साली, रताळ्याची देठं, वरईचा भात. काल महाशिवरात्र होती. अख्ख्या वाळणे शहरानं काल उपास धरला होता, आणि शास्त्राप्रमाणे चौपट रांधून निम्मं टाकलं होतं.

"हे खरकटं नाही!" राजाध्यक्ष ओरडला.

"सील माझं आहे," कुलथे म्हणाले.

सुमित्राबाई खिलाऱ्यांकडे वळल्या. खिलाऱ्यांनी दोन्ही हात वर केले. "मी शिवलोसुद्धा नाही, मॅडम. गावानंच केलं."

तीन बस निघायच्या होत्या, निघाल्या दोनच. तिसरी उदजनाची, म्हणजे हायड्रोजनची. तिचं उदजन घेऊन येणारा टँकर डिझेल संपून महामार्गावर उभा होता.

विजेरी-बस बाणासारखी सुटली. कुलथे शिक्का घेऊन बसले होते ती सुमित्राबाईंची बस मात्र गोगलगायीसारखी सरकू लागली. पंधरा दिवस नुसत्या खरकट्यावर राहिलेल्या टाकीत साबुदाणेवाले उरले होते मूठभर. सायकलवरचे एक आजोबा बसला मागे टाकून गेले, मग परत वळून खिडकीशी आले. "काय ओ, ढकलायला माणसं पाठवू का?"

"मामा, थांबवू या का?" बाईंनी विचारलं.

"थांबा मॅडम. तुम्हीच म्हणता ना, वीस मिनिटांत दुप्पट? पहिल्या पंगतीला नेहमी उशीरच होतो. बसू द्या त्यांना पाटावर."

दुसऱ्या तासाला बसनं खोकल्यासारखा आवाज केला. तिसऱ्या तासाला चिंचोबाचा घाट लागला, आणि ज्या चढावर भलेभले पहिल्या गियरात रडतात तिथं बस गुणगुणत चढली. पल्लामापकावर शंभर झाले, दीडशे झाले. दीडशेचा आकडा पालटला तेव्हा बाईंनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि वाऱ्यात नाक पुसलं.

एकशेत्र्याऐंशीव्या किलोमीटरला विजेरी-बस झाडाखाली निपचित उभी होती. राजाध्यक्ष दगडावर बसून कलिंगड खात होता. "या, बसा," तो म्हणाला.

"तूच बस, आमच्यात," बाई म्हणाल्या, आणि त्याला कलिंगडासकट उचलून घेतलं. सालं टाकीत घालू दिली नाहीत, सील होतं. दोनशेएकेचाळीसला बस एका शाळेसमोर शांतपणे थांबली.

कुलथे शिक्का मारायला निघाले, तोच सुमित्राबाईंनी त्यांचा हात धरला. "थांबा साहेब. हा पल्ला शिवरात्रीचा आहे. आज शहर पारण्याचं जेवतंय आणि उद्या ही बस एकशेवीसच जाईल. बाद करायचं तर करा, पण खोटा आकडा लिहू नका."

कुलथ्यांनी खिशातून पंचांग काढलं. "म्हणजे कुठल्या दिवशी किती जाईल, हे आधी कळतं?"

"हो, वार सांगा, पल्ला सांगते."

"मग बिघडलं कुठं? विजेरीला भारायला चार तास, उदजनाचा टँकरच येईना. ही निदान सांगून कमी पळते. अट आहे 'एका भरणीत दीडशे'. कुठल्या वारी ते लिहिलंय का? नाही! वेळापत्रक पंचांगावरून लावू. बुधवारी बाजारापर्यंत, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी थेट कोकणात."

शिक्का बसला. टाकी उकळायची वाचली.

वर्षभरानं सुमित्राबाई डेपोत सहज डोकावल्या. खिलारेमामा चौकशीच्या खिडकीत बसले होते, समोर भली मोठी रांग.

"मामा, बुधवारी रत्नागिरीची गाडी मिळेल का? लग्न आहे हो," रांगेतल्या पहिल्या माणसानं विचारलं.

खिलाऱ्यांनी चष्मा वर केला. "गल्लीत घरं किती?"

"दोनशे."

"मग मंगळवारी सगळ्यांनी उपास धरा. आणि रांधताना हात आखडू नका."