मृण्मयी इंगवले हयात आहेत

पितृपंधरवडा लागला की गिजरे गुरुजींना घोटभर चहा प्यायलाही फुरसत नसते. म्हणून पंधरवड्याच्या तोंडावरच ते कराडातल्या यजमानांकडे चक्कर मारून तिथ्या पक्क्या करून टाकतात. पूर्वी हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आता ते मांडीवरच्या काचेच्या पाटीत असतं, आणि गुरुजींचं डोकं तेवढं मोकळं झालं आहे, असं त्यांच्या मंडळीच म्हणतात.

"अविधवा नवमी. सकाळी अकरा," गुरुजी पाटीला म्हणाले. "कैलासवासी सौभाग्यवती मृण्मयी विश्वजित इंगवले."

पाटी जरा थबकली आणि मग गोड आवाजात म्हणाली, "मृण्मयी विश्वजित इंगवले हयात आहेत. हयात व्यक्तीचं श्राद्ध नोंदवता येत नाही."

गुरुजींना हसू आलं. चहाचा कप घेऊन समोर उभ्या असलेल्या बाईंकडे बघत ते म्हणाले, "वहिनी, तुमचंही नाव तेच पडलं ना, म्हणून घोळ झाला असेल." त्यांनी पुन्हा सांगितलं, दमात सांगितलं. पाटी आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. शेवटी दारात चपला घालताना गुरुजी म्हणाले, "एवढी दुरुस्ती करून घ्या. बिनपावतीचं श्राद्ध लावायला आमच्या मंडळाने बंदी केली आहे हो, नाहीतर माझं काय जातंय?"

चहाचा कप घेऊन उभी होती ती दुसरी मृण्मयी. तिचं जन्माचं नाव स्वरूपा बाबर, माहेर विट्याचं. आपण तिला स्वरूपाच म्हणू, निदान या गोष्टीपुरतं तरी.

पहिली मृण्मयी विश्वजितची पहिली बायको. रसायनशास्त्रात एम. एस्सी. होती आणि औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होती. त्यांची मुलगी रेवा दोन वर्षांची असताना कारखान्यात वायुगळती झाली. पाच माणसं गेली, त्यांतली एक मृण्मयी. वर्षभराने विश्वजितचं दुसरं लग्न झालं, देवळात, घरच्याच चार माणसांत. दुसरेपणाचं लग्न म्हणून ना कुठे नोंद केली, ना गवगवा. ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या दाखल्यावर आईचं नाव मृण्मयी हाय. तेच राहू दे. उद्या शाळंत कुणी तिला सावत्र म्हणायला नको."

विश्वजितने नाव लिहिलं, पण पहिल्या अक्षरावर त्याचा हात अडखळला. स्वरूपाने ते पाहिलं आणि मनात ठेवलं. त्या दिवसापासून त्याने तिला नावाने हाक म्हणून मारली नाही. 'अगं' म्हणायचा, नाहीतर 'रेवाची मम्मी'. सासूबाईंनी देवघरात सवतीचा चांदीचा टाक बसवला होता, त्याला रोज हळदकुंकू लावणं स्वरूपाकडे आलं. सासूबाई गेल्या तरी तिने ते सोडलं नाही. ज्या बाईचं नाव, नवरा आणि लेक आपण वापरतो तिला चिमूटभर कुंकू द्यायला काय जातं, असं तिला वाटे. आणि खरं सांगायचं तर तिला त्या टाकाची सवय झाली होती, शेजारणीची होते तशी.

आता पाटीने ज्यातून वाचून दाखवलं त्या सलगपटाबद्दल सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी ते आलं तेव्हा लोकांनी त्याचं मोठं कौतुक केलं होतं, आणि कौतुक करण्यासारखंच ते होतं. एका नावाचे दोन डॉक्टर एकाच गावात असत. एकाची सनद रद्द व्हायची आणि रुग्ण दुसऱ्याचे पळायचे. ठेकेदार एक, त्याच्या नावाचा शिक्षक दुसरा. खटला एकावर आणि मुलीचं लग्न मोडायचं दुसऱ्याच्या. सलगपटाने हा त्रास मिटवला. निकाल, राजपत्रं, वर्तमानपत्रं, संस्थांच्या याद्या, मृत्युसूचना अशा चव्हाट्यावरच्या सगळ्या नोंदी ते वाचायचं, गाव, शिक्षण, नोकरी, नातलग ताडून बघायचं आणि एकेका माणसाचं आयुष्य सलग शिवून द्यायचं. चेहरे आणि बोटांचे ठसे वाचायला त्याला कायद्याने मनाई होती. खासगी कागदांनाही त्याने हात लावायचा नव्हता. कोर्टात त्याला पुरावा म्हणून किंमत नव्हती, पण शाळा, बँका, सोयरिकी जुळवणारे आणि गुरुजींचं मंडळ, सगळे त्याच्याच तोंडाकडे बघून चालत.

नवमीसाठी रेवा पुण्याहून आली. ती कायद्याच्या पहिल्या वर्षाला होती. एकदा ऐकलं आणि तिने सलगपट उघडून मोठ्याने वाचायलाच घेतलं.

"मृण्मयी विश्वजित इंगवले. एम. एस्सी. रसायनशास्त्र. कारखान्यात तपासनीस. अपघातानंतर उद्योगक्षेत्र सोडलं, त्यापुढच्या वर्षापासून माध्यमिक शाळेत विज्ञानशिक्षिका. एक मुलगी." रेवा थांबली. "किती छान जुळवलंय गं मम्मी. मला माहीत नसतं तर मीसुद्धा मान्य केलं असतं."

"आणि मृत्यूची नोंद?"

"लिपिकाची चूक म्हणून वगळलीय. मेलेली बाई सोळा वर्षं शाळेत कशी शिकवेल, म्हणून." रेवाचा आवाज बदलला. ती आईचा फोटो बघत मोठी झालेली पोर होती. आई म्हणजे फोटोतली आणि मम्मी म्हणजे स्वयंपाकघरातली, असं तिने लहानपणीच वाटून घेतलं होतं आणि त्यात तिला कधी अडचण आली नव्हती. "म्हणजे माझी आई कारखान्यात मेलीच नाही? मग गेलेली माणसं चारच?"

तिने अपघाताची यादी काढली. नावं पाचच होती. पाचवं नाव बघून तिने पाटी स्वरूपापुढे सरकवली.

तिथे लिहिलं होतं, 'स्वरूपा बाबर, बी. एस्सी. रसायनशास्त्र, विटा.'

सलगपटाचं चुकलं होतं, पण त्याचा हिशोब बघा. एक मृतदेह शिल्लक होता आणि एक मुलगी त्याच सुमारास नोंदींतून नाहीशी झाली होती. त्याच टापूतली, त्याच विषयाची पदवीधर. तिचं पुढे लग्न नाही, नोकरी नाही, कुठे भाषणसुद्धा नाही. मशीनने मोकळं प्रेत आणि मोकळं नाव यांची गाठ घालून दिली. स्वरूपा आपल्या नावाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत ते कुणी लिहिलेलं तिने पाहिलं नव्हतं, आणि दिसलं ते असं.

संध्याकाळी विश्वजितला सांगितलं तर तो बॅटरीच्या दुकानाचा हिशोब बघायचं नाटक करत म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. कशाला उगा उकरायचं? गुरुजी न्हाईत तर आपणच पान वाढू."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?" रेवाने विचारलं. वकील व्हायच्या आधीच तिला सवाल टाकायची कला आली होती.

त्याने हिशोब बाजूला सारला. मग म्हणाला, "दिवाळीत बघितलं होतं मी. मग रोजच बघायला लागलो. तितं ती मेली न्हाई. नोकरी करती, बक्षिसं मिळत्यात तिला." त्याने डोळे पुसले. "चुकीचं हाय, कळतंय मला. पर बघितल्यावर बरं वाटायचं."

बक्षिसं स्वरूपाची होती. प्रयोगशाळेतल्या तुटक्या परीक्षानळ्यांवर विज्ञान शिकवून तिने ती मिळवली होती. तिला राग आला, दया आली, आणि त्या दोन्हींच्या खाली एक साधंसं दुःख होतं, की हा माणूस रोज तिचंच आयुष्य बघत होता आणि त्यात तिला बघत नव्हता. ती भाकरी थापायला उठली. त्या रात्रीच्या भाकऱ्या सगळ्या जाड झाल्या.

दुसऱ्या दिवशी मायलेकी साताऱ्याला सलगपटाच्या दुरुस्ती कक्षात गेल्या. तिथल्या अधिकारी बाईंचं नाव गुजर. त्या समजूतदार होत्या, आणि त्यामुळेच त्यांचं बोलणं जास्त जड जात होतं.

"स्वरूपा बाबर म्हणजेच तुम्ही, हे सांगणारी एखादी जाहीर नोंद आहे का? राजपत्र, वर्तमानपत्र, काहीही?"

"नोकरीला लागताना शाळेला प्रतिज्ञापत्र दिलं होतं."

"ते खासगी झालं. ते वाचायचं नाही असा कायदा आहे, आणि तुमच्याच भल्यासाठी केलाय." गुजरबाई कसनुसं हसल्या. "आता नव्याने राजपत्रात द्याल तर सलगपट म्हणेल, मृण्मयीबाईंनी एका मयत मुलीचं नाव घेतलं. एकच मार्ग आहे. हयातीचं निवेदन. कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि आपण कोण ते सगळ्या जगाला सांगायचं. ती जाहीर नोंद होते."

"मग झालं तर," रेवा म्हणाली.

"ऐकून घे बाळा. आईचा मृत्यू परत आला की त्या नावावर नंतरचं काहीच राहू शकत नाही. मेलेल्या माणसाला सोळा वर्षांची नोकरी देता येत नाही. आणि ती वर्षं स्वरूपाबाईंच्या नावाला जोडायची, तर तेव्हाच्या एखाद्या जाहीर नोंदीत त्यांचं नाव हवं. ते कुठेच नाही. म्हणजे मधली वर्षं बेवारस राहणार." मग त्या स्वरूपाकडे वळल्या. "मॅडम, तुमची शाळा, सेवा, पुरस्कार, सगळं. कायद्याने तुम्ही झगडू शकाल, पण जो तो आधी सलगपट उघडतो. परवापासून लोकांना तिथे एक बी. एस्सी. झालेली आणि पुढे काहीही न केलेली बाई दिसेल. विचार करून या."

बाहेर बाकावर बसल्यावर रेवा म्हणाली, "नको करूस. मी बोलून गेले रागात. आईला काय फरक पडणार आहे आता?"

स्वरूपाला देवघरातला टाक आठवत होता. या बाईचं नाव आपल्याला मिळालं, घर मिळालं, ही पोर मिळाली. तिच्याजवळ स्वतःचं म्हणून काय उरलं होतं? तिचं मरण. ती कुठे मेली, कुणाच्या हलगर्जीपणाने मेली, एवढंच. आता तेही आपण घेऊन बसायचं?

"फरक तुला पडतो," ती रेवाला म्हणाली. "काल ते वाचताना तुझा आवाज बदलला होता. आणि मलाही पडतो. दुसऱ्याच्या मरणावर पांघरूण होऊन मला नाही जगायचं."

"आणि शाळा?"

"शाळेतली पोरं मला ओळखतात," स्वरूपा म्हणाली. ते कितपत खरं ठरेल याची तिला स्वतःलाही खात्री नव्हती.

आतल्या खोलीत खुर्ची होती आणि समोर कॅमेरा. सलगपटाच्या आवाजाने विचारलं, "आपलं नाव?" तिने तोंड उघडलं आणि सवयीने 'मृ' जिभेवर आलं. ते गिळून ती म्हणाली, "स्वरूपा बाबर. मी जिवंत आहे. मृण्मयी विश्वजित इंगवले कारखान्याच्या अपघातात वारल्या. त्यांच्यामागे त्यांचं घर मी चालवलं." आणखी बरंच बोलायचं होतं, पण तिला हुंदका आला, आणि सलगपटाला तेवढं पुरलं.

घरी पोचायच्या आधीच यादीतलं पाचवं नाव बदललं होतं. एसटीत रेवा ते बघून ढसाढसा रडली, आई आजच गेल्यासारखी. दोन वर्षांची असताना तिला ते रडता आलं नव्हतं. स्वरूपाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली, "कोण गेलं हो?" स्वरूपा म्हणाली, "हिची आई." बाईने स्वरूपाकडे नीट पाहिलं आणि 'मग तुम्ही कोण?' हा प्रश्न सभ्यपणाने पोटात ठेवला.

नवमीला गिजरे गुरुजी वेळेवर आले. पाटीने या खेपेला काही कुरकुर केली नाही. श्राद्ध यथासांग झालं. सवाष्ण जेवली, तिची ओटी भरली. विश्वजितने मृण्मयीच्या पानावर पाणी सोडलं आणि मग उठून आत येत दबक्या आवाजात म्हणाला, "स्वरूपा, तूबी जेवून घे आता." ती चुलीपाशीच थबकली. हाक ऐकायला बरी वाटली, पण तिला ओ देता आली नाही. सवय नव्हती.

तेवढ्यात तिच्या फोनवर मुख्याध्यापकांचा निरोप आला. सोमवारी वर्गावर न जाता आधी आपल्याला भेटावं, कारण काही पालकांनी सलगपट पाहिलं आहे. भाषा फार नम्र होती. स्वरूपाने फोन पालथा ठेवला आणि पानं उचलायला घेतली.

रेवा पाटी घेऊन पाटावर बसली होती. तिने स्वतःचंच नाव काढलं होतं.

"मम्मी, हे बघ. आई, मृण्मयी इंगवले, मयत. बरोबर आहे. पुढे लिहिलंय, संगोपन." तिने वर पाहिलं. "तिथे म्हणतंय, नोंद नाही."

"गुजरबाई बोलल्या होत्या तसं. मधली वर्षं बेवारस."

"बेवारस?" रेवा म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो चढलेला आवाज कुणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं. "गोवर आला तेव्हा माझ्या उशाशी बसलं होतं ते कोण मग? शाळेत जाताना रोज माझी वेणी घातली ती कुणी?"

पाटी विचार केल्यासारखी जरा थबकली. तिला वाटलं, प्रश्न तिलाच विचारला आहे.