चार नंबरच्या पाइपातला आवाज

"हॅलो, हॅलो! चंद्रावरून बोलतोय! पृथ्वीवर जेवणं झाली का?"

पाइपातून आवाज असा काही घुमत आला, की कासव खुदकन हसली. "झाली हो, चंद्रवाले! आता पृथ्वी झोपायच्या बेतात आहे."

कासव म्हणजे बारा वर्षांची मुलगी. प्रत्येक काम निवांत करायची, म्हणून घरात तिला हेच नाव पडलं होतं. चंद्रावरून बोलणारा तिचा धाकटा भाऊ. त्याचं तोंड कधी मिटत नसे, म्हणून तो रेडिओ. सुट्टीत दोघं आत्याकडे आली होती.

आत्या इलेक्ट्रिशियन होती. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी नवं चार्जिंग स्टेशन बांधलं जात होतं, त्याच्या केबल ती टाकणार होती. एक छोटी विजेच्या पॅनेलची खोली आणि तिच्यासमोर ओळीने चार्जर बसवायचे सहा चौथरे. खोलीतून प्रत्येक चौथऱ्यापर्यंत जमिनीखालून एकेक जाड पाइप गेलेला. पाइपांत अजून फक्त केबल ओढायच्या दोऱ्या होत्या. वीज कुठेच जोडलेली नव्हती, म्हणूनच आत्याने मुलांना हेल्मेट घालून तिथे खेळायला परवानगी दिली होती.

दुपार पेंगुळली होती. पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले सहा चार्जर भिंतीशी उभे होते. पांघरूण घेऊन उभ्या उभ्या झोपी गेलेले उंच पाहुणेच जणू! कासव खोलीतल्या थंड फरशीवर पसरली आणि एकेका पाइपाला कान लावत गेली. पहिल्यात शांतता. दुसऱ्यात वाऱ्याची हलकी शीळ. तिसऱ्यात रेडिओ त्याच्या चंद्रावर, म्हणजे पलीकडच्या चौथऱ्यापाशी, गाणं म्हणत होता. आणि चौथ्यात...

"स्स्स्... स्स्स्स्..."

ती तशीच पडून राहिली. कुणीतरी खूप खोलवर कुजबुजत होतं. न थांबता, श्वासही न घेता! ऐकता ऐकता तिला वाटलं, जमीनच आपल्याला काहीतरी सांगते आहे.

"अगं, झोपलीस की काय?" आतेभाऊ दारात उभा होता. उंच, काटकुळा, खिशात सदैव मोजायचा टेप. त्याचं नाव फूटपट्टी.

"इकडे ये. चार नंबरमध्ये कुणीतरी आहे."

फूटपट्टीने कान लावला आणि त्याचे डोळे विस्फारले. रेडिओ धावत आला. "भूत! नक्की भूत! मी आधीच म्हणालो होतो!"

"तू काहीही म्हणाला नव्हतास," फूटपट्टी म्हणाला. "दोरी ओढून बघू या. पण दोरी अख्खी बाहेर आली तर आई उद्या केबल कशाने ओढणार?"

"पलीकडच्या टोकाला दुसरी दोरी बांध," कासव सावकाश म्हणाली. "ही बाहेर येईल, तशी ती आत जाईल."

"वा, कासवा!"

रेडिओने चौथऱ्याकडून दोरी जोडली. इकडे दोघांनी हळूहळू ओढायला सुरुवात केली. फूटपट्टी मोजत होता. दोरी कोरडी, कोरडी, अजून कोरडी. बरोबर अकरा मीटर झाले आणि कासवाच्या हाताला गार लागलं. दोरी चिंब भिजली होती!

"पाणी!" दोघं एकदम ओरडली.

टेप धरून तिघं खोलीपासून चार नंबरच्या चौथऱ्याच्या दिशेने अकरा मीटर चालत गेली. रेडिओने खडूने मोठी फुली मारली. तेवढ्यात मागून हाक आली, "ए पोरांनो, बाजूला व्हा! तीन वाजता काँक्रीट ओतायचंय."

ते सुपरवायझर काका होते. त्यांना सारखी घाई असे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव घाईकाका ठेवलं होतं. आज तर त्यांची घाई उतू चालली होती. उद्यापासून ते रजेवर जाणार होते.

"काका, इथे खाली पाणी आहे. आधी खणून बघा ना!"

"बाळांनो, जमिनीत ओल असतेच."

"पण आवाज येतोय!"

"भास होतात उन्हाने. जा, सावलीत बसा."

फूटपट्टीने आईला फोन लावला. आत्या केबलचं रीळ आणायला गेली होती. गाडी चालवताना ती फोन उचलत नसे. आणि फाटकातून काँक्रीटचा मिक्सर पोट फिरवत आत शिरलासुद्धा!

"एकदा का वर काँक्रीट बसलं, की संपलं," फूटपट्टी पुटपुटला. "पुढेमागे केबलला पाणी लागलं तर कुणालाही झटका बसेल."

कासव डोळे मिटून गप्प बसली. मग तिने रेडिओच्या कानात काहीतरी सांगितलं. रेडिओ चौथऱ्याकडे पळाला आणि ती घाईकाकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, चार नंबरमधून कुणीतरी तुम्हालाच बोलावतंय."

"मला? काय थट्टा आहे?"

पण मिक्सरवाले मामा खाली उतरून हसत होते. "जा की साहेब, महत्त्वाचं काम असेल!"

घाईकाका वैतागून खोलीत गेले, वाकले, कान लावला.

"साहे...ब! अहो सुपरवायझर साहे...ब! आम्ही बुडतोय हो खाली!"

काका असे उसळले, की हेल्मेट गडगडत गेलं! मागोमाग आलेले मामा पोट धरून हसले. मग "बघू तरी" म्हणत त्यांनीही कान लावला. तोवर रेडिओ गप्प झाला होता. मामांचं हसू हळूहळू ओसरलं.

"साहेब, पोराचं सोडा. हा आवाज फुटलेल्या नळाचा आहे. मी पाण्यावर काँक्रीट ओतत नाही. आधी खणा."

आता इलाज नव्हता. खडूच्या फुलीवर कुदळी पडल्या. गुडघाभर खणलं आणि कारंजं उसळलं! पिण्याच्या पाण्याच्या नळाला चीर गेली होती, तिच्यावर रबराची पट्टी गुंडाळलेली होती आणि शेजारचा चार नंबरचा पाइप तडकला होता. उन्हात उडणाऱ्या तुषारांत एक इवलंसं इंद्रधनुष्य उमटलं. सगळे क्षणभर कामच विसरले. रेडिओसुद्धा गप्प!

"ही पट्टी कुणी बांधली?" मागून आत्याचा आवाज आला. ती नुकतीच पोचली होती.

घाईकाकांनी मान खाली घातली. "मीच. खणताना यंत्राचा दात लागला होता. वाटलं, टिकेल. कामाला उशीर नको म्हणून..."

"आणि पुढे या पाइपातल्या केबलमधून केवढी वीज वाहणार होती, ठाऊक आहे ना?"

काकांनी स्वतः जाऊन नळाचा मुख्य कॉक बंद केला, ऑफिसला फोन करून सगळं खरं सांगितलं आणि रजा पुढे ढकलली.

आत्याने दोरीचं ओलं टोक बोटांत धरून पाहिलं. "अकरा मीटर! माझ्याकडचं यंत्रही याहून नेमकी जागा दाखवणार नाही! शाब्बास रे पोरांनो! आणि कासवा, एवढा बारीक आवाज तुला ऐकू आला तरी कसा?"

"मी काहीच करत नव्हते, आत्या. नुसती पडून होते."

"नुसतं पडून राहणं सगळ्यांना कुठे जमतं?" आत्याने तिला जवळ घेतलं.

घाईकाका कामाची नोंदवही घेऊन आले. 'दोष कोणी शोधला' या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. "काय लिहू? नावं सांगा."

रेडिओने टोपणनावं घडाघडा सांगून टाकली. काका पहिल्यांदाच हसले. मग घाई न करता, एकेक अक्षर घोटत त्यांनी लिहिलं: कु. कासव, चि. फूटपट्टी, चि. रेडिओ. आणि खाली आपली सही केली.